खडतकर सरांचे बाण

गणिताच्या शिक्षकाकडे किस्से नसतात, असा एक समज आहे. किस्से असायचे ते मराठीच्या मास्तरांकडे, नाहीतर पी.टी.च्या. गणितवाल्यांकडे काय असणार? उत्तरं! आमच्या घरी पाहुणे जमले की माझे यजमान, जे इतिहास शिकवायचे, तासभर रंगून बोलतात आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणतात, "तुमच्या विषयात काही घडतच नाही न!"

घडतं. फक्त आम्ही ते लगेच सांगत सुटत नाही. खडूचे बारके तुकडे टाकून देववत नाहीत म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवत जावं आणि एक दिवस ड्रॉवर बंदच होऊ नये, तसं माझं झालंय. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे तुकडे एकाच माणसाचे, तेही एकाच वर्षातले आहेत.

एकोणीसशे सत्तर उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. नागपूरबाहेर अमरावती रोडवर वाडीला आमची शाळा. समोर ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, मागे हमाल-ड्रायव्हरांच्या भाड्याच्या खोल्या, मध्ये आम्ही. ट्रकने हॉर्न दिला की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं आणि हॉर्न संपला की तिथूनच पुढे उचलायचं, ही सवय सगळ्या शिक्षकांना होती. मला अजून आहे. कुकरची शिट्टी झाली तरी मी थांबते.

मी, म्हणजे मेश्राम बाई, नुकतीच लागले होते. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून मी दीक्षेला गेले होते आणि तिथून घरी आल्यावर बापाने एकच गोष्ट सांगितली होती, की आता ही पोरगी शिकणार. तर मी शिकले, बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि वाडीला आले. तिथे खडतकर सर होते.

खडतकर सर म्हणजे पांढरा सदरा, टोपी आणि तोंडात पावकी-निमकीचे पाढे. तीस वर्षं गणित शिकवलेलं. शाळा निघाली त्या दिवसापासून नववीचं गणित त्यांच्याकडे. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. आणि नेमकं तेव्हाच सरकारने नवीन गणित आणलं! संच, उपसंच, संबंध, फलन. पुस्तक हातात पडलं तेव्हा सरांनी ते स्टाफरूममध्ये उभ्यानेच चाळलं.

"पन्नास पानं झाले, एक बेरीज नाई. नुसते गोळे न बाण! मंग याले गणित काहून म्हंतेत?"

मुख्याध्यापक देशकर सरांनी त्याच आठवड्यात मीटिंग घेतली. "दिवाळीनंतर तपासणी आहे. साहेब नववीचाच पाठ बघणार. खडतकर सर, जमलं तर उत्तम. नाही जमलं तर नववी मेश्राम बाईंकडे, आणि तुम्ही पाचवीची हस्तकला घ्या."

पाचवीची हस्तकला म्हणजे कागदाच्या होड्या आणि पंखे. सरांनी टोपी काढली, पुसल्यासारखी केली, परत घातली. मला त्यांचं वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, नववी मिळेल म्हणून बरंही वाटलं.

*

मे महिन्यात नागपुरात एका कॉलेजात आम्हा शिक्षकांचं दहा दिवसांचं ट्रेनिंग लागलं. मे महिना आणि नागपूर! ज्याने ही तारीख ठरवली तो मुंबईत पंख्याखाली बसून ठरवत असणार.

शिकवायला पुण्याकडचे एक तरुण प्राध्यापक आले होते. हुशार, उत्साही, टापटीप. त्यांना छेद संच शिकवायचा होता. म्हणजे दोन संचांत जे सामाईक, ते. आणि काहीच सामाईक नसेल तर उत्तर रिक्त संच. त्यांनी युक्ती काढली. म्हणाले, "तुमच्यापैकी दोघं उभे राहा. खिशातल्या वस्तूंची यादी करा. दोन अनोळखी माणसांच्या खिशात एकसारखं असं काय असणार? छेद रिक्त येईल."

काटोलचे एक मास्तर उठले. पेन, तपकिरीची डबी, कांदा. उमरेडचे उठले. रुमाल, किल्ली, कांदा.

प्राध्यापक चमकले. "योगायोग," म्हणाले. तिसऱ्याला उठवलं. विडीचं बंडल, कांदा. चौथा. कांदा! मग त्यांनी मला विचारलं. मी पर्स उघडून दाखवली. बाहेर लू वाहते आहे, उन्हात जायचं तर कांदा बरोबर ठेवायचा, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अख्ख्या हॉलचा छेद काढला तरी रिक्त संच काही येईना.

शेवटी प्राध्यापकांनी स्वतःचे खिसे उलटे केले. "हे बघा! माझ्याकडे कांदा नाही. आता आला रिक्त संच!"

खडतकर सर मागच्या रांगेतून उठले, सावकाश पुढे गेले आणि त्यांनी आपला कांदा प्राध्यापकांच्या खिशात घातला. "असं बिनकांद्याचं नका फिरू सर. लू लागंल."

प्राध्यापक खरे गणिती! तेवढ्यातही त्यांना सुचलं. "पण आता तुमच्याकडे कांदा राहिला नाही. म्हणजे छेद रिक्तच!"

"नाई सर," खडतकर सरांनी दुसऱ्या खिशावर थाप मारली. "मी दोन ठेवतो."

रिक्त संच दुसऱ्या दिवशी शिकवण्यात आला.

*

जूनमध्ये शाळा उघडली आणि सरांपुढे प्रश्न उभा राहिला. शंका तर रोज येणार. विचारायचं कोणाला? मला विचारायचं तर मी वयाने त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा लहान, त्यात बाईमाणूस, त्यात नववी मिळाली तर मलाच मिळणार.

सरांनी मार्ग काढला. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीत आणि माझ्या खुर्चीत एक टेबल आणि पाण्याचा माठ एवढंच अंतर. तर सर एका चिठ्ठीवर शंका लिहायचे, बिसन शिपायाला हाक मारायचे, बिसन व्हरांड्यातून आत यायचा, चिठ्ठी घ्यायचा, माठाला वळसा घालून माझ्याकडे यायचा. मी उत्तर लिहायची, बिसन परत माठाला वळसा घालायचा. तोवर सर खिडकीबाहेरचे ट्रक बघत असायचे, जणू हा पत्रव्यवहार दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

एक नमुना अजून आठवतो. चिठ्ठी आली: "मुलगा ते बाप, हे फलन आहे. बाप ते मुलगा, हे फलन नाही. कारण? ख."

मी लिहिलं: "बापाला दोन मुलं असली तर त्याच्याकडून दोन बाण निघतील. फलनात डावीकडच्या प्रत्येकाचा एकच बाण हवा. मे."

उत्तर आलं: "माझ्या बापाला आम्ही नऊ. समजले. ख."

ऑगस्टमध्ये भावाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, मी एक दिवस रजेवर होते. सरांनी सवयीने चिठ्ठी लिहून बिसनच्या हातात दिली. बिसन माझ्या रिकाम्या खुर्चीपाशी गेला, परत आला. पुढे काय झालं ते मला चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितलं.

"बाई नाई आल्या सर. मी सांगू काय?"

दोन महिने चिठ्ठ्या नेता-आणता बिसनने सगळ्या वाचल्या होत्या! सातवी पास माणूस तो. सर काही बोलायच्या आत त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. शाळेला कुलपं सात आणि किल्ल्या तीन. सगळी एकाच दुकानातली हलकी कुलपं, त्यामुळे एकाची दुसऱ्याला लागायची.

"हे पाहा सर. हरेक कुलपाले त्याची किल्ली हाय. तीन कुलपाले मिळून एकच किल्ली हाय, थे चालते. पन एखाद्या कुलपाले किल्लीच नाई, तं थे फलन नाई. न एका कुलपाच्या दोन किल्ल्या दोघांपाशी राह्यल्या, तं थेही फलन नाई."

"थे काहून नाई?"

"आता सर, मंग चोरी झाली तं धराचं कोनाले?"

मी पुढे एम.एस्सी. केलं, बरीच जाड पुस्तकं वाचली. फलनात बाण एकच का हवा, याचं यापेक्षा चांगलं कारण मला कुठे सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर आले तर टेबलावर चिठ्ठी होती: "काल बिसनने समजावले. तुमच्यापेक्षा बरे. ख."

*

परीक्षेतला एक किस्सा लहानच आहे. सहामाहीत सरांनी प्रश्न घातला होता: सांत संच आणि अनंत संच यांचं एकेक उदाहरण द्या. सांत म्हणजे मोजून संपणारा, अनंत म्हणजे न संपणारा. पुस्तकात अनंताचं उदाहरण नैसर्गिक संख्यांचं दिलं होतं. नववीतल्या एका मुलाने लिहिलं: "वाडी नाक्यावरून जाणारे ट्रक."

सरांनी गुण कापला. मुलाने वाद घातला. सर अंकगणिताचे; वाद मोजून मिटवायची सवय. मधल्या सुट्टीत डबा घेऊन नाक्यावरच्या पानठेल्याच्या बाकावर बसले आणि ट्रक मोजले. आले ते आकडा घेऊनच. "मोजले! म्हणजे सांत!"

मुलगा म्हणाला, "तुम्ही उठल्यावर थांबले काय सर?"

सरांनी नाक्याकडे एकदा वळून पाहिलं. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि गुण परत दिला.

*

नवीन गणिताची हवा मुख्याध्यापकांनाही लागली होती. देशकर सरांचा विषय संस्कृत. पण मुख्याध्यापकांसाठी अर्ध्या दिवसाचं वेगळं शिबिर झालं आणि ते तिथून फलन शिकून आले. आल्या आल्या त्यांनी शाळेचं टाइमटेबल नव्या पद्धतीने मांडलं. डावीकडे वर्ग, उजवीकडे शिक्षक, मध्ये बाण.

मी बघितलं तर तिसऱ्या तासाला सातवीही माझ्याकडे आणि आठवीही माझ्याकडे.

मी केबिनमध्ये गेले. देशकर सरांनी शांतपणे बोट ठेवून समजावलं. "सातवीला कोण? मेश्राम बाई. एकच बाण. आठवीला कोण? मेश्राम बाई. एकच बाण. दोन बाण एका ठिकाणी आले तर चालतात. झालं ना फलन?"

"झालं सर."

"मग अडचण काय?"

"अडचण मी आहे सर. मी एकच आहे."

देशकर सरांनी कागद लांब धरून पाहिला. सहीसाठी खडतकर सर आत आले होते, त्यांना बोलावलं. "तुम्ही बघा जरा. चूक आहे का यात?"

खडतकर सरांनी चष्मा लावून एकेक बाण तपासला. "फलन बरोब्बर हाय सर. बाई एक जास्तीची मागवा."

दिवाळीपर्यंत तिसरा तास मी सातवी आणि आठवीच्या मधल्या दारात उभी राहून घेतला.

*

नववीत सरांनी फलन शिकवायला घेतलं ते सप्टेंबरात. पुस्तकातली उदाहरणं त्यांना बेचव वाटायची. त्यांनी वाडीचं उदाहरण घेतलं. डावीकडे ट्रक, उजवीकडे गोदामं. "प्रत्येक ट्रक एका गोदामात जातो. म्हणून हे फलन."

पहिल्या बाकावरची शशिकला उभी राहिली. तिचे वडील ड्रायव्हर. "नाही सर. आमच्या बाबूजीचा ट्रक तीन गोदामात माल उतरवते."

सर अडकले. खरं होतं ते. पण तीस वर्षांच्या मास्तरकीत माघार घ्यायची सवय नव्हती. ते म्हणाले, "मग तुझे बाबूजी फलनात बसत नाहीत. खाली बस!"

शशिकलाने घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच बाबूजी हजर. दरवाजा भरून जाईल असा माणूस, खांद्यावर गमछा. स्टाफरूममध्ये सगळे एकदम वह्या तपासू लागले.

"कोन मास्तर म्हंते का मी बसत नाई म्हनून? वीस साल झाले गाडी चालवून राह्यलो, एक पेटी इकडची तिकडं नाई झाली!"

खडतकर सर उठले. घाबरले होते, पण उठले. सूचनांच्या फळ्याशी गेले आणि त्यांनी गोळे काढले, बाण काढले. एका ट्रककडून तीन बाण निघाले, म्हणून घोटाळा, हे समजावलं. बाबूजी कमरेवर हात ठेवून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा निवळला.

"अहो गुरुजी, तुमी ट्रकले कायले धरता? मालाले धरा ना! हरेक मालाची बिल्टी राह्यते, मालाची पावती म्हना, बिल्टीवर गोदामाचं नाव राह्यते. एका बिल्टीवर दोन गोदामाचे नाव कवाच नाई राहात. तिकडं माल लिहा न इकडं गोदाम. बसते का नाई?"

सरांनी डावीकडचे ट्रक पुसले. तिथे माल लिहिला: साखर, सिमेंट, कापडाच्या गाठी. एकेकाकडून एकेक बाण. बसलं!

"बसलं," सर म्हणाले.

"मंग माह्या पोरीले सांगा," बाबूजी म्हणाले, "का बाबूजी बसते म्हनून."

सरांनी नववीच्या वर्गात जाऊन, सगळ्या मुलांसमोर, तसं सांगितलं. घरी जाताना मी त्यांना म्हणाले की फार मोठं मन लागतं याला. ते म्हणाले, "मन कायचं? डावीकडचा संच चुकला होता."

*

पण तपासणी जवळ येत चालली होती. सरांना आता सगळं समजत होतं. मात्र समजणं निराळं आणि फळ्यासमोर न अडखळता बोलणं निराळं. गोळा काढला की त्यांचा हात थांबायचा. मुलं वाट बघत बसायची. एकदा अख्खा तास त्यांनी पुस्तक पुढे धरून नुसतं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. स्वतः आले, बिसनशिवाय.

"बाई, माहा घसा बसला. आठ दिवस नववी घेता काय?"

हे त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात विचारलं की शेजारच्या वर्गातली मुलं गप्प झाली.

मी घेतली. देशकर सरांना यातलं काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्याच दिवशी नववी कायमची माझी आणि होड्या-पंखे सरांचे. आठ दिवस खडतकर सर शेवटच्या बाकावर, मोठ्या मुलांच्या मध्ये, शंभरपानी वही घेऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला. सगळा वर्ग वळून पाहू लागला.

"डावीकडचा एखादा नुसताच बसला असंल, त्याचा बाणच नसंल, तं?"

"तर ते फलन नाही सर," मी म्हणाले. कोणी हसलं नाही. वाडीची ती वात्रट पोरं, कोणाच्या तोंडून घरी-दारी अवाक्षर निघालं नाही.

नवव्या दिवशी घसा सुटला. सरांनी तो पाठ पहिल्यापासून परत शिकवला, पाढे म्हणायच्या चालीवर. मी शशिकलाला हळूच विचारलं, दोनदा कंटाळा नाही का आला? ती म्हणाली, "तुम्ही शिकवलं तवा समजलं बाई. सरांनी शिकवलं तवा पाठ झालं."

*

आता तपासणीचा दिवस.

साहेब आले. उंच, शांत, हातात पातळशी वही. व्हरांड्यातून येताना देशकर सर त्यांना सांगत होते ते मी ऐकलं. "जुने शिक्षक आहेत. जमलं नाही तर दुसरी व्यवस्था आहे माझ्याकडे." आणि ती दुसरी व्यवस्था म्हणजे मी, नववीच्या शेवटच्या बाकावर देशकर सरांच्या शेजारी बसवली गेले, सर अडखळले की तिथल्या तिथे उठून पाठ पुढे न्यायला. मुठीत खडू होता. मला त्या दिवशी नववी नको होती. हा माणूस आज पडू नये, एवढंच वाटत होतं.

सरांनी सुरुवात बरी केली. मालाचं उदाहरण मांडायला त्यांनी खडू टेकवला, तोच साहेबांनी हात वर केला. "तयारीचं उदाहरण नको. मी देतो. डावीकडे पहिल्या दोन बाकांवरच्या आठ मुलांची नावं लिहा. उजवीकडे तुमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची. आता हा फलनाचा पाठ ज्याला ज्यांनी शिकवला, त्यांच्याकडे त्याने बाण काढायचा. मुलांनीच यायचं."

खडतकर सरांचे कान लाल झाले. पाठ आधी मी शिकवला होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं.

पहिला मुलगा उठला. खडू घेतला. बाण सरळ खडतकर सरांच्या नावावर नेला. दुसरा उठला. खडतकर. तिसरा, चौथा, पाचवा. खडतकर! शशिकला शेवटची होती. ती फळ्याशी थांबली, मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा आठवा बाणही सरांच्याच नावावर होता.

"आठही बाण एकाच नावावर," साहेब म्हणाले. "हे फलन आहे?"

"आहे!" वर्ग ओरडला.

"उजवीकडची बाकीची नावं मोकळी राहिली, तरी?"

"तरी!"

"का?"

"डावीकडच्या हरेकाचा एकच बाण हाय साहेब!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. देशकर सर उठायच्या तयारीत होते. झालं होतं. खडतकर सरांनी फक्त डस्टर उचलून फळा पुसायचा होता.

त्यांनी खडू उचलला. डावीकडच्या गोळ्यात जागा उरली नव्हती. शशिकलाच्या नावाखाली त्यांनी बारीक अक्षरात नववं नाव लिहिलं: खडतकर. आणि तिथून एक बाण काढला. तो सगळ्या बाणांना ओलांडून उजवीकडे गेला आणि "मेश्राम बाई" या नावावर थांबला.

साहेब खुर्चीतून उठून फळ्याजवळ गेले.

"आता हे फलन राहिलं का?"

"राह्यलं साहेब," खडतकर सर म्हणाले. "हरेकाचा बाण एकच हाय."

साहेबांचं बोट नवव्या बाणावरून मेश्राम बाईंच्या नावापर्यंत गेलं. मग मागे न वळताच त्यांनी विचारलं, "देशकर, ती तुमची दुसरी व्यवस्था म्हणालात, त्यांचं नाव काय?"

"मेश्राम बाई, साहेब."

"मग व्यवस्था झालेलीच दिसते की. नववी आहे तिथेच राहू द्या."

साहेब बाहेर पडले, त्यांच्यामागे देशकर सर. मला उठायचं सुचेना. बिसनने तासाची घंटा दिली, पहिल्या बाकावरचा मुलगा सवयीने डस्टर घेऊन फळ्याकडे निघाला.

"थांब गा," खडतकर सर म्हणाले. "पुसू नको. आधी सगळ्यांनी उतरवून घ्या."